पहिला नंबर कुणाचा? नव्वदच्या दशकातली पॉप गाणी, चार्टच्या हिशेबासकट

नव्वदच्या दशकातल्या इंग्रजी पॉप गाण्यांवर वाद रंगला की कुणीतरी हमखास आकडा फेकतं. ‘पण ते गाणं सोळा आठवडे पहिल्या नंबरावर होतं!’ झालं, विषय संपला. मला वाटतं, विषय खरा तिथे सुरू होतो. सोळा आठवडे, पण कुणी मोजले? काय मोजलं, आणि काय मोजायचंच नाही असं ठरलेलं होतं? त्या दशकात अमेरिकेतल्या मुख्य पॉप चार्टची मोजणी दोनदा मुळापासून बदलली. या दोन बदलांच्या मधल्या सात वर्षांत रेकॉर्ड कंपन्यांनी नियमांमधल्या फटी अशा काही वापरल्या, की देशभर दिवसरात्र वाजणारी काही गाणी यादीत औषधालाही सापडत नाहीत. तेव्हा लोकांना काय आवडायचं हे नुसत्या त्या यादीवरून ठरवायला गेलात, तर फसगत ठरलेली.

आधी यंत्रणा समजून घेऊ. ‘बिलबोर्ड’ या संगीत-उद्योगावरच्या अमेरिकन नियतकालिकाची ‘हॉट १००’ ही यादी ऑगस्ट १९५८ पासून चालू आहे. तिच्यात तेव्हा दोन गोष्टींची बेरीज व्हायची: गाण्याचं सिंगल दुकानात किती विकलं गेलं आणि ते रेडिओवर किती वाजलं. सिंगल म्हणजे अख्खा अल्बम न घेता त्या एका गाण्यासाठी विकत घ्यायची तबकडी, नंतरच्या काळात कॅसेट किंवा सीडी. ऐकायला हिशेब सरळ वाटतो. गंमत अशी की १९९१ पर्यंत विक्री कुणी मोजतच नव्हतं. बिलबोर्डची माणसं ठरावीक दुकानांना फोन करायची आणि ‘या आठवड्यात काय जास्त खपतंय?’ असं विचारायची. पलीकडचा माणूस क्रम सांगायचा. आकडा नाही, क्रम. रेडिओ स्टेशनंही काय काय वाजवतो त्याची यादी स्वतःच कळवायची.

यात काय काय बिघडू शकतं हे सांगायला नको. काउंटरवरच्या पोराला रॉक आवडत असेल, तर कंट्री संगीताचा खप त्याच्या लक्षातही राहणार नाही. हिप-हॉप कोपऱ्यातल्या कप्प्यात असेल, तर ते आणखी खाली. शिवाय रेकॉर्ड कंपनीचा प्रतिनिधी दुकानात यायचा तो रिकाम्या हातानं नव्हे. फुकट प्रती मिळायच्या, कार्यक्रमांची तिकिटं मिळायची, आणि त्याच्या गाण्याला जरा वरची जागा मिळायची. महिन्याभरात तोच प्रतिनिधी नवं गाणं घेऊन आला की जुनं झपाट्यानं घसरायचं. म्हणून १९९० ची यादी पाहिली तर पहिला नंबर सारखा बदलताना दिसतो. वर्षभरात पंचवीसच्या आसपास गाणी तिथे जाऊन येतात. अमेरिकेची आवड दर पंधरवड्याला पालटत होती असं नाही, फोनवर सांगितलं जाणारं पालटत होतं.

मग साउंडस्कॅन आलं. कल्पना अगदी साधी: दुकानात बारकोड वाचला जातोच, तर तोच आकडा थेट गोळा करायचा. २५ मे १९९१ च्या अंकापासून अल्बमची यादी या पद्धतीनं निघू लागली आणि उद्योगातल्या लोकांचे चेहरे उतरले. ज्यांना किरकोळ समजलं जात होतं ते प्रकार वर आले. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम जूनमध्ये थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला आणि पुढच्या आठवड्यात पहिला झाला. सप्टेंबरमध्ये कंट्री गायक गार्थ ब्रूक्सचा अल्बम आल्या आल्या पहिला. हे श्रोते काही रातोरात जन्माला आलेले नव्हते. ते होतेच, फक्त मोजणीत नव्हते.

‘हॉट १००’ची पाळी ३० नोव्हेंबर १९९१ ला आली. विक्रीसाठी बारकोड, आणि रेडिओसाठी बीडीएस नावाची यंत्रणा. तिचे संगणक स्टेशनांचं प्रसारण ऐकत बसायचे आणि ध्वनीच्या ठशावरून गाणं ओळखायचे. स्टेशननं काय कळवलं याला आता किंमत राहिली नाही, काय वाजवलं एवढंच मोजलं जाऊ लागलं. नव्या मोजणीतलं पहिलं अव्वल गाणं होतं पी.एम. डॉनचं ‘सेट अड्रिफ्ट ऑन मेमरी ब्लिस’. स्पॅन्डाउ बॅलेच्या ‘ट्रू’ या गाण्यातला तुकडा घेऊन त्यावर अर्धवट झोपेत असल्यासारखं म्हटलेलं रॅप. मला ते आजही आवडतं. बढाया मारणाऱ्या रॅपच्या गर्दीत इतका मवाळ माणूस पहिल्या नंबरावर दिसतो, याचीच मजा वाटते.

नव्या मोजणीतून जे निघालं ते कुणाला अपेक्षित नव्हतं. गाणी वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकू लागली. लोकांना एखादं गाणं आवडलं तर ते महिनोन् महिने विकत घेतात, आणि स्टेशनंही तोंडानं ‘नवं नवं’ म्हणत तेच तेच वाजवतात, हे उघड झालं. १९९२ मध्ये बॉइज टू मेनचं ‘एंड ऑफ द रोड’ १३ आठवडे राहिलं. लगेच त्या हिवाळ्यात व्हिटनी ह्यूस्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ १४ आठवडे. १९९४ मध्ये बॉइज टू मेनच पुन्हा ‘आय’ल मेक लव्ह टू यू’ घेऊन १४ आठवडे बसले, आणि त्यांना खाली ओढलं ते त्यांच्याच पुढच्या गाण्यानं. १९९५-९६ मध्ये मराया कॅरी आणि बॉइज टू मेन यांचं ‘वन स्वीट डे’ १६ आठवडे. हा विक्रम २०१९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. मध्ये २०१७ मध्ये ‘देस्पासितो’नं बरोबरी तेवढी केली.

यातलं व्हिटनीचं गाणं मी डोळे मिटून त्या दशकातल्या पहिल्या पाचांत घालीन. डॉली पार्टननं १९७४ मध्ये काढलेलं साधं, हळवं निरोपाचं गाणं. नव्या आवृत्तीची पहिली चाळीसएक सेकंदं फक्त आवाज आहे, एकही वाद्य नाही. रेकॉर्ड कंपनीला ते नको होतं, कारण इतकी शांतता रेडिओवर चालणार नाही अशी धास्ती होती. हे गाणं ज्यातलं, त्या ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटातला तिचा सहकलाकार केव्हिन कॉस्टनर यानं हट्ट धरला म्हणून ते राहिलं. पुढची जागा तर सगळ्यांना पाठ आहे. तीन मिनिटं होत आली की सगळं थांबतं, क्षणभर काहीच नाही, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि गाणं पूर्ण एक सूर वर चढून ‘अँड आय’वर फुटतं. स्वर चढवायची ही युक्ती पॉपमध्ये जुनीच आहे, आणि बहुतेक वेळा ती आळशीपणाची खूण असते: सुचेनासं झालं की चढवा सूर. इथे मात्र ती कमावलेली आहे. त्याआधी तीन मिनिटं बाई आवाज राखून गायलेल्या असतात.

‘वन स्वीट डे’चं तसं नाही. आवाज पाचही उत्तम, विषय जवळची माणसं गमावल्याचा, हेतूबद्दल शंका नाही. पण गाणं पुढे सरकत नाही. पहिल्या कडव्यात जिथे असतं, शेवटीही तिथेच असतं. मध्ये फक्त हरकतींची देवाणघेवाण. सोळा आठवडे? चार दिले असते तरी खूप झाले असते.

इथून पुढे जरा खिशाच्या गोष्टी. सिंगल स्वस्त, अल्बम महाग. कंपनीला कमाई अल्बममधून. मग सिंगल हे जाहिरातीसारखं वापरायचं. आधी गाणं कित्येक आठवडे रेडिओवर वाजवायचं, लोकांना तहान लावायची, आणि मग सिंगल सवलतीच्या दरात एकदम बाजारात सोडायचं. सगळी विक्री पहिल्या आठवड्यात एकवटते आणि गाणं थेट शिखरावर उतरतं. १९९५ च्या आधी ‘हॉट १००’मध्ये एकही गाणं पहिल्याच आठवड्यात पहिलं आलेलं नव्हतं. त्या सप्टेंबरमध्ये मायकल जॅक्सनच्या ‘यू आर नॉट अलोन’नं ते केलं, मागोमाग मराया कॅरीच्या ‘फँटसी’नं, आणि बघता बघता तो रिवाजच झाला. ‘यू आर नॉट अलोन’ हे जॅक्सनच्या गाण्यांत मला फार तर मधल्या फळीतलं वाटतं. इतिहासात त्याचं नाव आहे ते गाण्याच्या बळावर कमी आणि प्रकाशनाच्या वेळापत्रकामुळे जास्त.

काही कंपन्या याच्याही पुढे गेल्या. सिंगल काढायचंच कशाला? ज्याला ते गाणं हवं तो झक मारत अल्बम घेईल! १९९० मध्येच एम.सी. हॅमरच्या ‘यू कान्ट टच धिस’च्या बाबतीत याची झलक दिसली होती. ते नेहमीच्या सिंगलच्या रूपात नीट मिळतच नव्हतं, म्हणून जगभर गाजूनही ‘हॉट १००’मध्ये आठव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही, आणि अल्बम मात्र एक कोटीच्या वर खपला. दशकाच्या मध्यावर हे धोरणच बनलं. आणि यादीचा नियम तर असा, की दुकानात सिंगल नसेल तर गाणं यादीत बसायला पात्रच नाही. रेडिओवर कितीही वाजो.

आता नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ घ्या. १९९६-९७ मध्ये ते बिलबोर्डच्याच रेडिओवरच्या यादीत सलग १६ आठवडे पहिलं होतं. मुख्य ‘हॉट १००’मधलं त्याचं स्थान? नाहीच. शंभरावंसुद्धा नाही, कारण सिंगल काढलंच नाही. म्हणजे ‘वन स्वीट डे’ला जो आकडा मिरवता येतो, तोच आकडा याच्याकडेही आहे, पण इतिहासात नोंद नाही. गाणं म्हणून तुलना केली तर माझ्यासाठी स्पर्धाच नाही. ग्वेन स्टेफनीचं बँडमधल्याच टोनी कनालशी नातं तुटलं, त्यावरचं हे गाणं. तिनं आणि तिचा भाऊ एरिक यानं मिळून लिहिलेलं. टोनी बँड सोडून गेला नाही. त्यामुळे ‘काही बोलू नकोस, तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे’ असं ती ज्याला सुनावते, तो तिच्या शेजारी उभा राहून त्याच गाण्याचा बेस वाजवतोय. मध्ये स्पॅनिश ढंगाचा गिटारचा तुकडा येतो, तिथे मला दरवेळी वाटतं की सगळ्यांनी एकमेकांच्या नजरा टाळल्या असतील.

नताली इम्ब्रुलियाचं ‘टॉर्न’ही त्याच रांगेतलं. रेडिओवर अकरा आठवडे पहिलं, आणि मुख्य यादीत फार उशिरा शिरून बेचाळिसावं. (हे मूळचं तिचं गाणं नव्हे. एडनास्वॅप या बँडच्या लोकांचं, आणि त्यांच्याही आधी १९९३ मध्ये डेन्मार्कच्या गायिकेनं डॅनिशमध्ये काढलेलं. तरी नतालीचंच सगळ्यांत चांगलं आहे, कारण ती रडत नाही, खांदे उडवते.) गू गू डॉल्सचं ‘आयरिस’ रेडिओवर १८ आठवडे पहिलं. तेही तेव्हा यादीबाहेरच.

याच्या उलट टोक म्हणजे ‘कॅन्डल इन द विंड १९९७’. ऑगस्ट १९९७ अखेर डायनाचा मृत्यू झाला, आणि एल्टन जॉननं आपल्या जुन्या गाण्याचे शब्द बदलून ते अंत्यविधीच्या वेळी म्हटलं. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ३४ लाखांहून जास्त प्रती गेल्या. पहिल्या नंबरावर १४ आठवडे, ते मुख्यतः विक्रीच्या जोरावर. लोकांनी ते शोक व्यक्त करण्यासाठी, मदतनिधीला हातभार म्हणून घेतलं. घरी जाऊन किती वेळा लावलं असेल? माझा अंदाज, फार नाही. खुद्द एल्टन जॉननं ते बदललेले शब्द त्या दिवसानंतर जाहीर मंचावर पुन्हा गायले नाहीत. एक गाणं सगळ्यांनी ऐकलं पण विकत मिळालं नाही, दुसरं विकत घेतलं पण ऐकलं गेलं नाही. आणि यादीच्या लेखी दुसरं सम्राट, पहिलं अस्तित्वातच नाही.

सेलीन डिऑनच्या ‘माय हार्ट विल गो ऑन’च्या वेळी कंपनीनं दोन्हीचा मध्य साधला. फेब्रुवारी १९९८ मध्ये सिंगल काढलं, पण मोजक्या प्रती. त्या संपल्या की संपल्या, हवं असेल तर अल्बम घ्या. थेट पहिल्या नंबरावर आलं आणि दोनच आठवडे राहिलं. रेडिओवर मात्र दहा आठवडे. ज्या गाण्यापासून त्या वर्षी जगात कुणाची सुटका नव्हती, त्याच्या नावावर अधिकृत दोन आठवडे! मला ते गाणं फारसं आवडत नाही, पण अन्याय तो अन्याय.

शेवटी बिलबोर्डनं ५ डिसेंबर १९९८ च्या अंकापासून नियम सोडला. सिंगल असो वा नसो, रेडिओवर वाजणारं गाणं यादीत येऊ शकेल. ‘आयरिस’ त्याच आठवड्यात आत आलं, पण तोवर त्याचा बहर ओसरला होता, त्यामुळे नववा क्रमांक हीच त्याची अधिकृत उंची. कंपन्यांचा अल्बमचा हट्ट पुढेही चालू राहिलाच. २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं पाच मोठ्या कंपन्यांच्या किंमतविषयक धोरणांवर बोट ठेवलं. त्यांच्या अंदाजानुसार तीन वर्षांत ग्राहकांनी ४८ कोटी डॉलरपर्यंत जास्तीचे मोजले असावेत. तोवर, म्हणजे १९९९ पासूनच, ज्याला एकच गाणं हवं होतं तो नॅप्स्टर या इंटरनेटवर गाणी वाटून घ्यायच्या सेवेवरून ते फुकट उतरवत होता. त्याला चोर म्हणताना ही पार्श्वभूमी फार कमी जण सांगतात.

ब्रिटनचं गणित वेगळं. तिथल्या अधिकृत यादीत तेव्हा रेडिओ नव्हता, फक्त विक्री. त्यामुळे तिथला तेव्हाचा पहिला नंबर म्हणजे कोणत्या गटाचे चाहते एका आठवड्यात दुकानापर्यंत गेले, एवढंच. ब्रायन अॅडम्सचं १९९१ मधलं ‘एव्हरीथिंग आय डू’ हे चित्रपटगीत अमेरिकेत सात आठवडे पहिलं, ब्रिटनमध्ये सलग सोळा. ऑगस्ट १९९५ ची ब्लर विरुद्ध ओएसिस ही लढाई तर बातम्यांत गेली: ब्लरच्या ‘कंट्री हाउस’च्या २,७४,००० प्रती, ओएसिसच्या ‘रोल विथ इट’च्या २,१६,०००. ब्लरनं दोन वेगवेगळ्या सीडी काढल्या होत्या, म्हणजे कट्टर चाहता दोन्ही घेणार. माझं मत विचाराल तर दोन्ही गाणी त्या त्या बँडच्या मानानं सुमार. त्याच वर्षी पल्पचं ‘कॉमन पीपल’ दुसऱ्या नंबरावर अडलं, आणि ओएसिसचं ‘वंडरवॉल’सुद्धा. दोघांच्या वर कोण होतं? रॉबसन आणि जेरोम, टीव्ही मालिकेतले दोन नट, जुनी गाणी गुळगुळीत करून गाणारे. त्यांना गायला लावण्यामागे सायमन कॉवेल, म्हणजे पुढे टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांचा परीक्षक म्हणून गाजलेला माणूस होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता ज्याला सगळे हसतात त्या ‘मकारेना’कडे. लॉस देल रियो हे सेव्हिलचे दोन प्रौढ गृहस्थ, चाळिशीच्या शेवटाला आलेले. त्यांचं १९९३ चं गाणं, आणि मायामीच्या बेसाइड बॉइजनी इंग्रजी कडवी घालून केलेली आवृत्ती. १९९६ मध्ये १४ आठवडे पहिलं. याच्यामागे ना सवलतीचा डाव होता ना मोजक्या प्रती. यादीत कधी वर कधी खाली करत, शिखर गाठायला त्याला ३३ आठवडे लागले. लोकांनी ते अक्षरशः नाचत नाचत वर नेलं. त्या वर्षी शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात प्रतिनिधींनी त्यावर हातवारे केले. तिथे नाचणाऱ्या किती जणांना माहीत होतं, की ती मकारेना प्रियकर लष्करात भरती होत असताना त्याच्या दोन मित्रांबरोबर मजा मारतेय? ठेका घट्ट आहे, मागचं हसू खट्याळ आहे, आणि नंतर त्याला खाली खेचणारं ब्लॅकस्ट्रीटचं ‘नो डिगिटी’ निर्विवाद सरस असलं तरी ‘मकारेना’ ही त्या दशकातली सगळ्यांत प्रामाणिकपणे मिळवलेली जागा आहे असं मी म्हणेन.

लिसा लोबचं ‘स्टे’ही त्याच पंक्तीत बसवीन. १९९४ मध्ये तिच्याकडे रेकॉर्ड कंपनीचा करारही नव्हता, तरी गाणं पहिलं आलं. त्याला धड मुखडा नाही, बाई भांडणाच्या मध्यातून बोलत सुटते आणि श्वास घ्यायला थांबत नाही. कंपनीच्या बैठकीत असलं गाणं कुणी मंजूर केलं असतं असं वाटत नाही.

आणि नियम सुधारल्यानंतरची १९९९ ची यादी तर आजही न वैतागता ऐकता येते. टीएलसीचं ‘नो स्क्रब्ज’. शेर या गायिकेचं ‘बिलीव्ह’, ज्यात सूर दुरुस्त करायचं ऑटो-ट्यून मुद्दाम इतकं ताणलंय की आवाज पायऱ्यांवरून घरंगळतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बाईंनी पुढच्या वीस वर्षांचा आवाज ठरवून टाकला. स्टॉकहोमच्या मॅक्स मार्टिननं लिहिलेलं आणि टीएलसीनं नाकारल्यावर ब्रिटनी स्पिअर्सकडे गेलेलं ‘बेबी वन मोअर टाइम’, ज्याचे सुरुवातीचे पियानोचे तीन ठोके ऐकूनच ओळख पटते. शेवटी गिटारवादक कार्लोस सँटाना आणि गायक रॉब थॉमसचं ‘स्मूद’: बारा आठवडे, ऑक्टोबरपासून थेट जानेवारी २००० पर्यंत, आणि पहिल्या दहांत तब्बल तीस आठवडे. ते इतकं वाजलं की कित्येकांना आता त्याची शिसारी येते. मला येत नाही. गिटार गायकाच्या ओळी संपायचीही वाट न बघता मध्येच तोंड घालतं, दोघं एकमेकांवर कुरघोडी करत राहतात, आणि हे सगळं दुकानात आणि रेडिओवर एकाच वेळी मोजलं जात होतं. या एका गाण्यापुरतं माझं आणि बिलबोर्डचं पूर्ण एकमत आहे.